प्रत्येक घराचा एक घाव

उचुपाम्पा गावात मेलेल्या माणसाचे कपडे धुवायचा मान उर्बानाचा होता, आणि तो तिनं कुणाच्या पाया पडून मिळवलेला नव्हता. सासूचे हात संधिवातानं वाकडे झाले, तेव्हा म्हातारीनं फेसाच्या मुळांची पिशवी तिच्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "जीभ तर तुझी कुणाच्या उपयोगाची नाही, हात तरी लाव कामाला." तेव्हापासून गावात कुणीही गेलं, की पाचव्या दिवशी ओढ्यावर उर्बानाच बसायची. शर्टाची कॉलर बघितली की याची बायको कशी होती ते कळतं, असं ती म्हणायची, आणि बायकोसमोरच म्हणायची.

या धुण्याचे नियम लहान पोरालाही पाठ होते. रक्ताच्या नात्यानं कपडे पाण्यात घालायचे नाहीत. आसवं पाण्यात पडली की मेलेल्याचा पाय वाटेत अडकतो. जिथं श्वास सुटला, तिथल्याच ओढ्यात धुवायचं आणि तिथल्याच गावच्या हातानं. आणि ज्याच्या हातून माणूस मेला, त्याच्या अख्ख्या घरानं पाण्याजवळ यायचं नाही, दगडी कुंपणापलीकडं उभं राहायचं. अंब्रोसिओनं बांधावरून मेहुण्याला मारलं होतं, तेव्हा त्याची बाळंतीण सूनसुद्धा अंगावरचं पोर घेऊन कुंपणापलीकडं उन्हात उभी होती. म्हणून धुणं सुरू व्हायच्या आधी मेलेल्याच्या माणसानं विचारायचं, "या हातांवर याचं काही आहे का?" आणि धुणाऱ्यानं चारचौघांत सांगायचं, "काही नाही." उर्बानानं हे 'काही नाही' इतक्यांदा सांगितलं होतं, की सांगताना ती कधीकधी दुपारच्या जेवणाचा विचार करत असे.

त्या दिवशी सकाळी ती अंगणात बटाटे सोलत बसली होती, तेव्हा देमेत्रियो आला. देमेत्रियो तिच्या बहिणीचा मुलगा, गावचा अध्यक्ष. अध्यक्ष झाल्यापासून तो टोपी कपाळावर ओढून बोलायचा.

"मावशी, कोचासहून एक बाई आलीय. पोराचे कपडे घेऊन."

"मग पाठव. पोर कधी गेलं?"

देमेत्रियोनं टोपी काढली. "पस्तीस वर्षं झाली."

उर्बानाची सुरी थांबली.

"सरकारी माणसांनी वरच्या कोंडवाड्याजवळ खणलं ना गेल्या साली, त्यातली हाडं," तो म्हणाला. "तिनं स्वेटरवरून ओळखलं. पेटी दिली, पुरलं त्याला तिच्या गावात. आज पाचवा दिवस. श्वास इथं सुटला म्हणून धुवायला इथं आली. धुऊन टाक, आणि ती विचारेल तेव्हा नेहमीचं सांग. जास्त बोलू नकोस."

"मी जास्त बोलते?"

"मावशी, तू झोपेतसुद्धा जास्त बोलतेस."

तो पोरगा कोण, हे दोघांनाही माहीत होतं. गावात त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं, पण विसरलंही कुणी नव्हतं.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. लाल झेंडेवाले बंडखोर डोंगरावरून रात्री उतरायचे, म्हणून गाव त्यांना रातफिरे म्हणायचं. उर्बानाचा नवरा तेओफिलो गावच्या राखणदारांचा म्होरक्या. रातफिऱ्यांनी त्याला घरातून ओढून नेला, हात पाठीमागं बांधले आणि चर्चच्या दारात दगडानं ठेचला. पंधरा दिवसांनी राखणदारांना वरच्या कोंडवाड्यात एक पोरगा सापडला. तापानं फणफणलेला, साथीदारांनी मागं टाकून दिलेला. खालच्या लष्करी तळावरच्या साहेबानं निरोप धाडला, तुमचा कैदी, तुम्हीच बघा. गाव जमलं. सोडलं तर हा पुन्हा रातफिऱ्यांना घेऊन येईल, मारलं तर मारणारा कोण? खुनी व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ठरलं, की प्रत्येक घरानं एक घाव घालायचा. ढेकळं फोडायचा लाकडी हातोडा एकच, तो हातोहात फिरवायचा. बेचाळीस घरं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, असा हिशेब शहाण्या माणसांनी मांडला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

सगळ्यांनी पाय, पाठ, खांदे बघून मारलं. तेहतिसावं घर उर्बानाचं. तिनं डोकं बघून मारलं. तिच्यानंतरच्या घरांनी मेलेल्याला मारलं, आणि हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत नाही असं सगळे दाखवत होते.

आलेली बाई पावलिना, कोचासची. बुटकी, वाळलेली, हातात जुन्या ओढणीचं गाठोडं. उर्बानानं तिला बसायला मेंढीचं कातडं दिलं आणि बटाट्याचं सूप वाढलं. आलेल्या माणसाला उपाशी ठेवायची रीत त्या घरात नव्हती, मग आलेलं माणूस कुणीही असो.

"तुझ्या हातचं धुणं चांगलं असतं म्हणतात," पावलिना म्हणाली.

"वाईट कोण म्हणेल? म्हणणाऱ्याचे कपडे शेवटी माझ्याकडंच यायचे."

पावलिना थोडी हसली. सूप प्यायली. मग म्हणाली, "तुझं कोण गेलं लढाईत?"

"नवरा."

"माझ्या पोराच्या लोकांनी?"

"त्यांनीच."

पावलिनानं वाटी खाली ठेवली. "माझा बेनिग्नो त्यांच्यात गेला नव्हता. त्यांनी नेला. आमच्या गावात आले नि म्हणाले, प्रत्येक घरातून एक पोर. माझ्याकडं दोघं होते. मोठ्याचं लग्न ठरलं होतं, म्हणून मी धाकट्याकडं बोट दाखवलं." तिनं गाठोडं मांडीवर ओढलं. "वामांगा शहरातल्या कचेरीत म्हणाले, लढाईत गेला. कागदावर तसंच लिहिलंय. मला वाचता येत नाही, पण म्हणाले तसं आहे. लढाईत गेला असला तर मी कुणाला दोष देणार नाही बाई. लढाईत समोरच्याच्याही हातात काहीतरी असतं. त्याच्याही हातात होतं ना गं? तू इथलीच आहेस म्हणून विचारते."

उर्बानानं आयुष्यात प्रश्नाला उत्तर द्यायला कधी वेळ घेतला नव्हता. आता ती चुलीतलं लाकूड पुढं सारत बसली, ते आधीच पुढं होतं तरी.

"ओढ्यावर सांगते," ती म्हणाली. "तिथं विचारायची रीत आहे. तिथं विचार."

ओढ्याकडं जाताना देमेत्रियोनं तिला वाटेत गाठलं. बरोबर दोघंतिघं म्हातारे होते, काठ्या टेकत. पावलिना पुढं गेली होती.

"तू तिला काही सांगितलंस का?"

"अजून नाही."

"अजून म्हणजे?" देमेत्रियोचा आवाज चढला. "मावशी, लढाई होती ती. लढाईत मेलेल्याचा खुनी नसतो. सैनिक घरी येतो तेव्हा त्याच्या आईला कुणी खुन्याची आई म्हणतं का? तू 'आहे' म्हणालीस, तर पाण्याजवळ उभं राहायला गावात एक घर उरणार नाही. सगळ्यांना कुंपणापलीकडं घालणार आहेस?"

"लढाई कसली रे," उर्बाना म्हणाली. "ज्या रात्री ते आले आणि तुझ्या बापानं अंधारात एकाला भाल्यानं पाडला, ती लढाई. त्याचे कपडे आण, दोन्ही हातांनी धुते आणि 'काही नाही' म्हणते, ठणकावून म्हणते. पण या पोराच्या वेळी आपण पहिलं घर कुणाचं यावर अर्धा तास भांडत होतो. लढाईत नंबर लावतात का?"

"तुझ्या नवऱ्याला मारलं होतं त्यांनी," एक म्हातारा म्हणाला.

"मारलं होतं. आणि गेल्या वर्षी वामांगाच्या कचेरीत त्यांचा म्हातारा पुढारी काय म्हणाला, लढाई होती. मी त्याच्या तोंडावर काय म्हणाले? तुम्हीच बसमध्ये सगळ्यांना सांगत होतात मोठ्या तोंडानं. हात बांधलेला माणूस लढत नसतो. आणि कारकुनाला म्हणाले, लिही, खून लिही." ती थांबून श्वास घेऊ लागली, चढ होता आणि वय होतं. "तेओफिलोचा खून झाला असं मी पस्तीस वर्षं म्हणतेय. ते म्हणायचं तोंड मला मरेपर्यंत लागणार आहे. त्या तोंडानं आज 'काही नाही' म्हटलं, तर उद्या त्याच तोंडानं तेओफिलोबद्दल काय म्हणू?"

"तू डोक्यानं चालतेस," देमेत्रियो म्हणाला, "आणि पायाखाली आम्ही असतो."

"मग बाजूला हो."

ओढ्यावर ऊन चांगलं तापलं होतं. बायका जमल्या होत्या, कारण असल्या गोष्टी गावात पाय नसताना चालतात. पावलिनानं गाठोडं सोडलं. मातीच्या रंगाची झालेली विजार, एक स्वेटर, ज्याची एक बाही जवळजवळ नव्हतीच. तिनं ते सपाट दगडावर मांडले, लहान पोराला निजवावं तसे, आणि उभी राहून विचारलं,

"या हातांवर याचं काही आहे का?"

"आहे," उर्बाना म्हणाली.

कुणीतरी बाई 'आई गं' म्हणाली. देमेत्रियो खाली बघू लागला.

उर्बानानं सांगितलं. कोंडवाडा सांगितला, ताप सांगितला, हात बांधलेले सांगितले, हातोडा सांगितला. गोल फिरवून सांगायचं तिला जमत नव्हतं, तिनं प्रयत्नही केला नाही. "डोक्यावरचा माझा," ती म्हणाली. "बाकीच्यांनी मारलं. मी ठार केलं. त्याच्या हातात काही नव्हतं."

 पावलिनाच्या तोंडात कोकाची पानं होती, ती चघळायची थांबली.

"तो काही म्हणाला?"

"म्हणाला, मला नेलं होतं. प्रत्येक घरातून एक नेलं. आम्हाला वाटलं, जीव वाचवायला सांगतोय."

"प्रत्येक घरातून एक पोर," पावलिना म्हणाली, "आणि प्रत्येक घराचा एक घाव." मग उर्बानाकडं सरळ बघून म्हणाली, "तुझ्या घरचं सूप माझ्या पोटात आहे. ते आता काढता येत नाही."

"नाही येत."

"मग हे कुणी धुवायचं? मी असेच परत नेऊ?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रत्येक जणी कुठल्या ना कुठल्या घराची होती.

"एक घर आहे," उर्बाना म्हणाली.

देमेत्रियो झटकन पुढं आला. "मावशी, त्याला बोलावलंस तर आम्ही सगळे काय ठरतो, ते कळतंय का तुला?"

"मला कळतंय. तुला कळावं म्हणूनच बोलावतेय."

सेनोबियोचं घर गावाच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या गवतापासून दोर वळणाऱ्याचं. त्या दिवशी हातोडा त्याच्याकडं आला तेव्हा त्यानं तो खाली ठेवला आणि घरी निघून गेला. दुसरा नंबर होता त्याचा. गावानं त्याला नंतर ना अधिकाराची काठी दिली, ना राखणीत घेतलं. पाण्याची पाळी त्याला शेवटची, तीही चिखलाची. आणि त्याला ससा हे नाव उर्बानानंच दिलं होतं. नाव असं चिकटलं, की त्याच्या नातीला लग्नाच्या मागण्या आल्या तेव्हाही लोक सशाची नात म्हणूनच विचारायचे.

तो दारात बसून दोर वळत होता. पायाच्या अंगठ्याला दोराचं टोक अडकवलेलं.

"ओढ्यावर चल," उर्बाना म्हणाली. "त्या पोराचे कपडे आलेत. धुवायला हात पाहिजेत."

"तुझे काय झाले?"

"माझ्यावर त्याचं आहे. सगळ्या घरांवर आहे. तुझ्यावर नाही."

सेनोबियोनं दोर वळणं थांबवलं नाही. "पस्तीस वर्षांत या दारात तू पहिल्यांदा आलीस. माफी मागायला आलीस की धोबी शोधायला?"

"माफी मागून कपडे धुतले जात नाहीत. हात मागायला आले."

"खरं बोललीस, तेवढं बरं." त्यानं अंगठ्यातून दोर सोडवला. "मीही खरं सांगतो. तुम्ही समजता तसा मी भित्रा नव्हतो, आणि ही बाई आता समजेल तसा साधूही नव्हतो. माझा नंबर दुसरा होता. पोरगा माझ्याकडं बघत होता. चाळिसावा असता तर मीही घातला असता घाव. तोवर बघायला कोण राहिलं असतं?"

"असशील. पण घातला नाहीस."

"नाही घातला." तो उठला, गुडघे वाजले. "येतो. पण रीत आहे ती रीत. सगळी घरं कुंपणापलीकडं उभी राहिली पाहिजेत. तुम्ही घरात लपून बसणार आणि मी एकटा खाली बसून तुमचं धुणार, तसं जमणार नाही. तू एकटी उभी राहिलीस तर मी अर्ध्यातून उठून घरी येईन."

"उभी राहतील."

"तुझ्या म्हणण्यानं?"

"माझ्या म्हणण्यानं या गावात आजवर काय झालं नाही?" उर्बाना म्हणाली. "तुझं नाव ससा पडलंच ना?"

सेनोबियोनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिनंही नजर काढली नाही. ते नाव परत कसं घ्यायचं हे तिला येत नव्हतं, आणि येत नाही ते खोटंखोटं करायचं नाही, एवढं तिला येत होतं.

खाली येऊन तिनं फेसाच्या मुळांची पिशवी त्याच्या हातात दिली, स्वतः कुंपण ओलांडून पलीकडं गेली आणि तिथून गावाकडं तोंड करून हाका मारायला लागली. घावांच्या क्रमानं. तो क्रम तिच्या डोक्यात जसाच्या तसा होता.

"देमेत्रियो, पहिलं घर तुमचं. तुझ्या बापाचा हात."

"मी आठ वर्षांचा होतो मावशी."

"तू होतास, की घर होतं?"

देमेत्रियो पाण्याच्या बाजूला उभा होता. त्यानं पावलिनाकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, स्वेटरचा एक धागा सरळ करत होती. त्यानं टोपी काढून खिशात कोंबली आणि कुंपण ओलांडलं.

मग तिसरं घर, चौथं घर. उर्बाना नाव घेत होती आणि नावाबरोबर एखादा टोमणाही, कारण नुसतं नाव घ्यायची तिला सवय नव्हती. "सोलानो, काठी टेकत ये, पण ये. तेव्हा तर धावत आला होतास." काही बायका आधीच ओढ्यावर होत्या, त्या न बोलता पलीकडं गेल्या. कुणी शेतातून आलं, हाताला माती तशीच. एका सुनेनं विचारलं, "मी तेव्हा या गावातही नव्हते, मीही?" तिच्या सासूनं तिला दंडाला धरून आणलं. आणि काही दारं उघडलीच नाहीत. उर्बानानं त्या दारांची नावं दोनदा घेतली, तिसऱ्यांदा घेणार होती.

"पुरे," सेनोबियो ओढ्यातून म्हणाला. "त्यांचं त्यांच्यापाशी. पाणी उन्हानं गरम आहे तोवर होऊ दे."

पावलिनानं त्याला विचारलं, "या हातांवर याचं काही आहे का?"

"काही नाही," सेनोबियो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, कारण गावासमोर तो फारा दिवसांनी बोलत होता.

त्यानं मुळं दगडावर ठेचली, फेस काढला. पण धुणं त्याला येत नव्हतं. दोर वळणारा माणूस, तो स्वेटर दोरासारखा पिळायला लागला.

"पिळू नकोस त्याला," उर्बाना कुंपणावरून ओरडली. "तळहातानं दाब. लोकर आहे ती, फाटेल. आणि विजार आधी घ्यायची असते, मुळात विजार आधी..."

"उर्बाना," सेनोबियो मागं न बघता म्हणाला, "आज तुझं काम नाही. गप्प राहा."

उचुपाम्पातली माणसं तिच्याकडं बघायला लागली. तिला असं कुणी म्हणालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. उर्बानानं तोंड उघडलं, मग मिटलं. हात कुंपणाच्या दगडावर ठेवून ती उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं, गुडघे दुखत होते, आणि बसायची रीत नव्हती.

सेनोबियोनं तळहातानं दाबून स्वेटर धुतला. पाणी आधी काळं, मग तपकिरी, मग नुसतं गढूळ गेलं. कपडे झुडपावर वाळत घालून झाले, तेव्हा पावलिनानं त्याला कोकाची मूठभर पानं दिली, दोन्ही हातांनी, मान द्यायची तशी. मग ती चालत कुंपणापाशी आली. कुंपणाच्या पलीकडच्या कुणाला तिनं पान दिलं नाही.

"माझ्याकडं तो कागद आहे," ती उर्बानाला म्हणाली. "लढाईत गेला असं लिहिलेला. ते खोटं आहे. मी एकटी कचेरीत गेले तर म्हणतील, म्हातारी काहीबाही बडबडते. तू येशील? जे इथं सांगितलंस ते तिथं सांगशील?"

देमेत्रियो मध्ये पडला. "मावशी, तिथं सांगितलंस तर ते लिहून घेतात. सही घेतात. आत टाकतील तुला या वयात."

"मला सही येत नाही," उर्बाना म्हणाली. "अंगठा घेतील."

"थट्टा करायची वेळ आहे का ही?"

"थट्टा नाही करत. गेल्या वर्षी त्याच टेबलासमोर बसून मी त्या म्हाताऱ्याला खुनी लिहायला लावलं. त्या कारकुनाला माझा चेहरा आठवत असेल. आता त्यानं माझ्या नावापुढंही तोच शब्द लिहायचा, तेवढंच." मग ती पावलिनाकडं वळली. "सोमवारी पहाटे वामांगाची गाडी खालच्या रस्त्यावरून जाते. कोचासच्या फाट्यावर थांबते. तू तिथं चढ. मी पुढच्या बाकावर असेन, मला मागं उलटी होते."

"मी तुझ्या शेजारी बसणार नाही," पावलिना म्हणाली.

"नको बसू. पण चढ."

पावलिनानं मान हलवली आणि कपडे वाळायची वाट बघत झुडपापाशी जाऊन बसली. कुंपणापलीकडं कुणी हललं नाही, कारण कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिथून निघायचं नसतं, आणि ते वाळायला अजून बराच वेळ होता.